पक्ष्यांचा हीटमॅप आणि मामांचं रिकामं माळरान

गेल्या दिवाळीत मामांकडे गेलो होतो तेव्हा लॅपटॉप उघडून त्यांना मी केलेला एक नकाशा दाखवला. मामांचं गाव बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला, पाणी कमी आणि माळ जास्त असा भाग. नकाशा म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या पक्ष्यांचा हीटमॅप, जिथे जिथे पक्ष्यांच्या नोंदी झाल्यात ते सगळे ठिपके घ्यायचे आणि त्यांची दाटी रंगात दाखवायची, दाटी जास्त तिथे लालभडक, कमी तिथे पिवळं आणि काहीच नाही तिथे कोरं. दोन शनिवार-रविवार घालवले होते त्यावर आणि दिसायला खरंच सुंदर झाला होता. पाषाण तलाव, वेताळ टेकडी, सिंहगडाची दरी, इकडे कवडी, पार टोकाला उजनीच्या पाण्याकाठी भिगवण, सगळं कसं पेटल्यासारखं. मामांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि मग विचारलं, "आरं पण ह्यात आपलं रान कुठाय?"

मी झूम करून दाखवलं. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्याचा एक छोटा लाल टिपका होता आणि त्याच्या बाहेर चारी बाजूंनी कोरं.

"मग आपल्याकडं पाखरं न्हाईत व्हय?"

आता गंमत म्हणून विचारलेला प्रश्न नव्हता हा. मामा कुळव चालवताना टिटवीची अंडी दिसली तर बैल वळवून तेवढी जागा सोडून देतात, आणि अंडी उंचवट्यावर घातली की सखल भागात, त्यावरून यंदा पाऊस कसा होणार याचा अंदाज बांधतात, तो माणूस मला विचारतोय. आणि मी स्वतः आयुष्यातला पहिला धाविक त्यांच्याच बांधावर बसून बघितलाय, आठवीत असताना, बारीक पायांचा, चार पावलं पळणार, थांबणार, परत पळणार. थंडीत तिथे भोवत्या येतात, गवतावरून अगदी खालून तरंगत जातात. चंडोल आहेत, पखुर्ड्या आहेत, तारेवर नीलपंख बसलेला असतो. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी केलेल्या नकाशात त्या रानात काही नव्हतं, आणि दोन आठवडे तो नकाशा सगळ्यांना दाखवताना मला ते खटकलंही नव्हतं.

तर ही पोस्ट त्याबद्दल. हीटमॅप कसा होतो, तो कुठे फसवतो आणि मी नंतर काय केलं.

आधी हीटमॅप आतून काय करतो ते सांगतो, कारण रंग बघून आपल्याला वाटतं की जागेबद्दल काहीतरी मोजलंय. समजा अंगणात प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक मूठ ज्वारी ओतली, तिचा एक छोटा ढीग होईल, मधे उंच आणि कडेला उतरता. दोन ठिपके जवळ असतील तर ढीग एकमेकांत मिसळून उंची वाढते, शंभर ठिपके एका जागी असतील तर मोठी रास होते. त्या राशीची उंची रंगात दाखवायची, झाला हीटमॅप. याला कर्नल डेन्सिटी म्हणतात, १९५६ साली रोझेनब्लॅट आणि १९६२ साली पार्झेन यांनी मांडलेलं गणित आहे हे. ढीग किती लांबवर पसरू द्यायचा तो रेडियस, आणि तो तुम्ही ठरवता, डेटा नाही ठरवत. रेडियस लहान ठेवला तर नुसते फोड आल्यासारखे टिपके दिसतात, मोठा ठेवला तर पुण्यापासून दौंडपर्यंत एकच लाल पट्टा. डेटा तोच, आणि दोन नकाशांतून दोन वेगळ्या गोष्टी सांगता येतात.

मी क्यूजीआयएस वापरतो, नकाशे करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि मराठी नावं पण नीट दाखवतं. त्यात हीटमॅप दोन ठिकाणी मिळतो आणि हा फरक नवीन माणसाला कुणी सांगत नाही. लेयरच्या (म्हणजे नकाशावरच्या ठिपक्यांच्या थराच्या) सिंबॉलॉजीत, रंग-चिन्हांच्या सेटिंगमध्ये, जाऊन हीटमॅप निवडला तर रेडियस सहसा स्क्रीनवरच्या मिलिमीटरमध्ये असतो, त्यामुळे झूम केलं की चित्र बदलतं, जो भाग लांबून लाल होता तो जवळ गेल्यावर फिका पडतो. वेबसाइटवर लीफलेट वगैरे नकाशाची साधनं वापरून करतात त्यातही हेच, तिथे रेडियस पिक्सेलमध्ये असतो. दुसरा प्रकार प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये आहे, तो जमिनीवरचं अंतर धरतो आणि पक्का रास्टर (बारीक चौकोनांचं चित्र, प्रत्येक चौकोनाला एक आकडा) काढून देतो, विश्वास ठेवायचा तर यावर. पण तिथेही मी पहिल्यांदा आपटलो. डेटा अक्षांश-रेखांशात होता, मी दोन किलोमीटर समजून २ टाकलं आणि त्याने धरले २ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण दोनशे वीस किलोमीटर, जिल्ह्याचा एकच भोपळा झाला. आधी लेयर मीटरवाल्या प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या, पुण्यासाठी यूटीएम झोन ४३ उत्तर, कोड ३२६४३. विदर्भवाल्यांनी जरा बघून, ७८ रेखांशावर झोन बदलतो, म्हणजे अमरावती शहर ४३ मध्ये आणि नागपूर ४४ मध्ये.

रंगांबद्दल पण एक सांगून टाकतो. इंद्रधनुष्याचे सगळे रंग असलेली पट्टी वापरू नका. तिच्यात सगळ्यात उजळ रंग पिवळा, तो येतो मधे, त्यामुळे डोळा मधल्या आकड्यांकडे ओढला जातो आणि जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे डेटात नसलेली सीमारेषा दिसायला लागते. माझ्या एका मित्राला लाल-हिरवा वेगळा कळत नाही, त्याला माझा पहिला नकाशा नुसता चिखल दिसला होता. तेव्हापासून मी विरिडिस वापरतो, २०१५ मध्ये मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेली पट्टी, गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत उजेड सारखा वाढत जातो. क्यूजीआयएसमध्ये ती असतेच.

पण रंग आणि रेडियस ही वरवरची दुरुस्ती झाली. मामांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

डेटा ईबर्डचा होता. अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब आणि ऑड्युबॉन या पक्ष्यांवर काम करणाऱ्या संस्थांनी २००२ साली सुरू केलेला प्रकल्प, जगभरातले लोक पक्षी बघायला जातात आणि यादी टाकतात, हा सगळा डेटा अभ्यासासाठी मागून घेता येतो. फार मोठं काम आहे आणि मी स्वतः त्यात याद्या टाकतो. पण विचार करा, यादी कुठून येते? जिथे माणूस गेला तिथून. आणि पुण्यातला माणूस रविवारी सकाळी सहाला निघून कुठे जातो, तर जिथे जास्त पक्षी दिसतात असं ऐकलंय तिथे, रस्ता चांगला आहे तिथे, परत येताना मिसळ मिळेल तिथे. मग त्या जागेवरून नोंदी वाढतात, नोंदी बघून अजून लोक तिथेच जातात. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट नावाची पक्षीगणना असते त्या चार दिवसांत तर शहरातली कॉलेजं, सोसायट्या सगळीकडून याद्यांचा पाऊस पडतो, त्यातले बुलबुल आणि साळुंक्या सगळे माझ्या नकाशात लाल झाले होते.

शिवाय काही गोष्टी डेटाच्या रांगा-रकाने उघडून बघितल्यावरच कळल्या. पाच जण एकत्र गेले आणि यादी एकमेकांना शेअर केली तर डेटात तीच यादी पाच वेळा येते, गटाचा नंबर बघून चार काढून टाकाव्या लागतात, मी काढल्या नव्हत्या. म्हणजे भिगवणला एक रोहित बघितला की माझ्याकडे ज्वारीच्या पाच मुठी. आणि ठिपका पक्ष्याच्या जागी नसतोच, तो यादीच्या जागी असतो. ईबर्डमध्ये 'हॉटस्पॉट' म्हणतात ते म्हणजे लोकांनी मिळून वापरायची ठरलेली एक जागा, नकाशावरची एक पिन. (हीटमॅपवाल्यांचा हॉटस्पॉट वेगळा, नाव तेच असल्यामुळे माझा सुरुवातीला भरपूर घोळ झाला.) कुंभारगावातून होडीत बसून तुम्ही उजनीच्या पाण्यात लांबवर जाता, पट्टकादंब बघता, रोहितांचा थवा बघता आणि परत येऊन सगळं एका पिनेवर टाकता. मग हीटमॅपमध्ये सगळ्यात लाल काय दिसतं, तर पिनेच्या आजूबाजूची घरं आणि होडीचा धक्का. उजनीचं पाणी जसं उतरत जातं तसे रोहित उथळ कडेकडेने सरकतात, तो सगळा प्रवास एका पिनेत बुडून जातो.

तर मी केलेला नकाशा पक्षीनिरीक्षकांचा होता, पक्ष्यांचा नव्हता. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं, लोक तिथे गाडी लावतात, फिरतात, यादी करतात, म्हणून ते लाल. कुंपणापलीकडे तेच गवत, तीच माती, तेच धाविक, पण तिथे थांबायला कुणाला कारण नाही म्हणून कोरं.

आणि हे नुसतं पक्षीवेड्यांपुरतं असतं तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत एका मीटिंगमध्ये, जमिनीच्या वापराबद्दल चर्चा चालली होती, माझाच नकाशा स्क्रीनवर आला. कुणीतरी ग्रुपवरून घेतला होता. आणि बोलणाऱ्या गृहस्थांनी त्या कोऱ्या पट्ट्यावर बोट फिरवून म्हटलं की इथे तर तसंही काही नाही, पडीकच आहे. माळरानाचं हे दुखणं जुनं आहे. झाडं नाहीत म्हणून ते जंगल नाही, पीक नाही म्हणून शेत नाही, मग दप्तरी 'पडीक' लिहिलं की विषय संपला. त्यात आता माझ्या नकाशाची भर पडली होती. मी उठून सांगितलं की कोरं म्हणजे नोंद नाही, पक्षी नाहीत असं नाही. पण तोंडाने सांगितलेलं कोण लक्षात ठेवतं, रंग लक्षात राहतात. चूक माझी होती, नकाशाच्या कोपऱ्यात 'कोरं म्हणजे काय' हे मी लिहिलंच नव्हतं.

त्या रात्री मला लंडनचा कॉलऱ्याचा नकाशा आठवला. १८५४ साली सोहो भागात साथ आली, डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे कुठे झाले ते घरोघरीचं नकाशावर मांडलं आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटी दिसली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला मात्र त्यातला रिकामा भाग जास्त आवडतो. पंपाजवळच पोलंड स्ट्रीटवर गरिबांसाठीचं वर्कहाउस होतं, ५३५ माणसं राहत होती आणि कॉलऱ्याने मृत्यू फक्त ५. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच दारूभट्टीत सत्तरच्या वर कामगार होते, एकही कॉलऱ्याने गेला नाही. स्नो यांनी तिथे जाऊन विचारलं. वर्कहाउसला स्वतःची विहीर होती, भट्टीचे कामगार बिअर प्यायचे आणि त्यांनाही वेगळी विहीर होती, पंपाचं पाणी ते घेतच नव्हते. म्हणजे तिथला रिकामेपणा खरा होता, माणसं मोजलेली होती, मृत्यू मोजलेले होते, त्यामुळे तो रिकामेपणा पुरावा झाला. माझ्या नकाशातला रिकामेपणा तसा नव्हता, तिथे कुणी मोजायलाच गेलं नव्हतं. आणि माझ्या नकाशात हे दोन्ही एकाच पांढऱ्या रंगात दिसत होते.

मग सगळं मोडून परत केलं. जिल्ह्यावर पाच बाय पाच किलोमीटरचे चौकोन टाकले. फक्त 'संपूर्ण' याद्या घेतल्या, म्हणजे ज्यात माणसाने सांगितलंय की ओळखता आलेले सगळे पक्षी मी लिहिलेत, कारण त्याच यादीत नसलेल्या नावाला काही अर्थ असतो. गटाच्या जादा याद्या काढल्या, पाच तास चाललेल्या आणि लांबलचक अंतराच्या याद्या पण काढल्या. आणि मग प्रत्येक चौकोनात मोजलं की शंभर याद्यांपैकी कितीत हा पक्षी आहे. समजा शहरातल्या एका चौकोनात ४०० याद्या आणि त्यातल्या २०० मध्ये खंड्या, आणि एका खेड्याच्या चौकोनात २० याद्या आणि १४ मध्ये खंड्या. जुन्या नकाशात शहर दहापट-पंधरापट लाल. नव्यात शहर ५० टक्के, खेडं ७० टक्के. चित्र उलटलं.

याद्या दहापेक्षा कमी असतील तर टक्केवारी काढलीच नाही, त्या चौकोनाला राखाडी रेघा मारल्या आणि कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इथे पुरेसं बघितलेलं नाही'. बघितलंय पण पक्षी दिसला नाही त्याला वेगळा फिका रंग. ईबर्डच्या स्वतःच्या नकाशांत हे आधीपासून आहे, एखाद्या पक्ष्याचा नकाशा उघडला की जांभळ्या छटा म्हणजे किती याद्यांत दिसला, राखाडी म्हणजे याद्या आहेत पण तो नाही, आणि कोरं म्हणजे याद्याच नाहीत. मी कितीतरी वर्षं ते बघत होतो पण राखाडी चौकोन कशासाठी हे स्वतः चूक करेपर्यंत मनावर घेतलं नव्हतं.

नवा नकाशा जुन्याइतका देखणा नाही, चौकोनी चौकोनी दिसतो, मऊ मऊ रंग नाहीत. आणि जिल्ह्याचा बराच भाग राखाडी आहे. मला तो आता जास्त आवडतो.

एका वाचकाने मागच्या पोस्टवर विचारलं होतं की मधल्या जागांचा अंदाज का काढत नाही, हवामानाच्या नकाशात काढतात तसा. काढता येतो, पण त्यासाठी मोजायची गोष्ट सावकाश बदलणारी हवी आणि मोजायची ठिकाणं दाट हवीत. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला ७३, अंतर वीसएक किलोमीटर. फक्त ही दोन केंद्रं घेऊन नकाशा रंगवला तर मधे कुठेतरी छान गुळगुळीत पाचशेचा पट्टा येईल, पण तो रंग आपण भरलेला असेल, पावसाने नाही. पावसाचं असं, मग धाविकाचं काय सांगायचं, तो उसाच्या फडात नाही आणि शेजारच्या माळावर आहे, मधे नुसता एक पाट.

उलटी बाजूही आहे, सगळंच नेमकं दाखवू नये. स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांच्या पळण्या-सायकलींचा जगाचा हीटमॅप टाकला आणि जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अंधाऱ्या वाळवंटात लष्करी तळांच्या आत पळणाऱ्या सैनिकांच्या वाटा चमकतायत. पक्ष्यांचं तसंच आहे. घुबडाच्या ढोलीची जागा फुटली की कॅमेरे घेऊन गर्दी होते आणि पिल्लं उपाशी राहतात, म्हणून ईबर्ड नाजूक प्रजातींच्या जागा वीस बाय वीस किलोमीटरच्या चौकोनातच दाखवतं. मीही घरट्यांच्या नोंदी नकाशात घेत नाही, कृपया मागू नका.

राहिला प्रश्न राखाडीचा. त्याला कॉम्प्युटरवर उत्तर नाही, जावंच लागतं. केरळने हे करून दाखवलंय, केरळ बर्ड ॲटलास, २०१५ ते २०२०, अख्ख्या राज्यावर चौकोन टाकून, त्यातले तुकडे आधीच निवडून, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा, लोक ठरलेल्या जागी गेले, मग तिथे काही दिसो न दिसो. जवळपास तीन लाख नोंदी आणि ३६१ प्रजाती. जागा आधी ठरलेली असल्यामुळे तिथे कावळा दिसला तरी त्याची किंमत आहे आणि काहीच नाही दिसलं तरी आहे. आपल्याकडे असं राज्यभर व्हावं असं मला फार मनापासून वाटतं.

तोपर्यंत आपापल्या गावापुरतं. जानेवारीत मी चार दिवस मामांकडे राहिलो. रोज सकाळी मोटरसायकल काढायची, मागे मामा, एकेका चौकोनात आधीच ठरवलेल्या जागी थांबायचं आणि पंधरा मिनिटांची यादी करायची. पहिल्या दिवशी मामांना कळेना की भोवत्या समोरच्या रानात दिसत असताना हा पोरगा ओसाड खाणीपाशी का थांबलाय. समजावलं तर म्हणाले, "म्हंजी आपण पाखरांच्या मागं जायचं न्हाई, जागंवर ऱ्हायचं." दुसऱ्या दिवसापासून वेळ तेच लावायला लागले, पंधरा झाली की "चल, उठ". ओळखायला ते माझ्यापेक्षा पुढे, चंडोलांचे आवाज ते वेगवेगळे सांगतात, मला अजूनही रेकॉर्डिंग घरी आणून तपासावं लागतं.

मामांच्या रानाच्या चौकोनात आता बारा याद्या आहेत, त्यातल्या सातात धाविक. मे महिन्यात गेलो तेव्हा नकाशाची प्रिंट काढून नेली होती, ती त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे आणि जो येईल त्याला राखाडी रेघा म्हणजे काय ते सांगतात. ओढ्यापलीकडचे तीन चौकोन अजून राखाडी आहेत, तिकडे मोटरसायकल जात नाही, दिवाळीत चालत जायचं ठरलंय.